पुण्यातल्या कर्तबगार स्त्रियांच्या गोष्टी मुलांना सांगताना

मुठाकाठ :

नमस्कार. आमच्या भागातील वाचनालयाच्या बालविभागासाठी पुण्याच्या इतिहासातील स्त्रियांच्या गोष्टींची एक मालिका करायचे काम माझ्याकडे आले आहे. मुले साधारण आठ ते बारा वर्षांची असून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांची आहेत. साहित्य गोळा करताना एक बाब सतत खटकत राहिली, ती येथे मांडते.

मुलांसाठी जे लिहिले जाते त्यात प्रत्येकीच्या वाट्याला एकच प्रसंग येतो. सावित्रीबाईंवर शेण फेकले, आनंदीबाई बोटीने अमेरिकेला गेल्या, रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढले, इरावतीबाईंनी स्कूटर चालवली, आणि संपले. भिंतीवरच्या तसबिरींप्रमाणे या सगळ्या एका ओळीत टांगलेल्या असतात. एकीचा दुसरीशी काही संबंध होता याचा मुलांना पत्ताही लागत नाही. वास्तविक यांतील बऱ्याच जणी एकमेकींना ओळखत होत्या, एकमेकींच्या घरी जात होत्या, एकमेकींकडून शिकल्या होत्या, आणि त्यांची मते जुळत नव्हती तिथे ती उघडपणे जुळत नव्हती. या गोष्टी एका गावातल्या, एकमेकींच्या ओळखीपाळखीतल्या बायकांच्या म्हणून सांगाव्यात, असे माझे म्हणणे आहे. त्यामुळे एखादे काम कसे उभे राहते, त्याला कोणाची मदत लागते आणि कोण आडवे येते, हे मुलांना कळेल.

सुरुवात सावित्रीबाईंपासूनच करावी लागेल. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. लग्न नवव्या वर्षी. पुढे १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. हा आकडा मुलांना जरूर सांगावा, कारण चित्रांतून त्या नेहमी पोक्त बाई म्हणूनच भेटतात, आणि ऐकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या ताई-दादांचे वय तेवढेच असते. शेणाचा प्रसंगही सांगावा, पण त्यातला दुसऱ्या लुगड्याचा तपशील अधिक ठसवावा. अंगावरचे लुगडे वाटेत खराब होणार हे धरूनच त्या घरून निघताना बरोबर दुसरे घेत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसून शिकवायला उभ्या राहत. उद्याही हेच होणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची ती तयारी होती.

त्याहून मला मोलाचे वाटते ते त्यांनी १८५६ मध्ये माहेराहून, म्हणजे नायगावहून, जोतीरावांना लिहिलेले पत्र. त्या आजारी होत्या आणि भावाकडे राहून बऱ्या होत होत्या. बोलता बोलता भावाने विषय काढला की तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी कामे करता, त्यामुळे तुम्हांला वाळीत टाकले आहे, तेव्हा हे सोडून द्या. सावित्रीबाईंनी त्याला विचारले की तू शेळीला आणि गाईला मायेने कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा तुला विटाळ कसा होतो? बहीण-भावाचा असा वाद प्रत्येक मुलाने घरी ऐकलेला असतो, त्यामुळे हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याच पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. एक शिक्षिका आजारी पडली तर दुसरीवर सगळा भार येतो, हे शाळेत जाणाऱ्या मुलांना आपोआप उमगते. फातिमा शेख यांची जन्मतारीख म्हणून समाजमाध्यमांवर जे फिरते त्याला कागदोपत्री आधार नसल्याने ते मी घेणार नाही; पत्रातले ते एक वाक्य आणि सावित्रीबाईंसोबतचे छायाचित्र एवढ्यावर गोष्ट उभी राहते.

यापुढची पिढी तर एकमेकींत पुरती गुंतलेली आहे. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. पती नुकतेच वारले होते आणि कडेवर वर्षाची मनोरमा होती. आई-वडील दुष्काळात गेलेले, भावाबरोबर पायी देशभर फिरलेल्या, आणि कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या अशा या बाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी बायकोला शिकवायचे ठरवले खरे, पण ते दिवसभर कचेरीत असत आणि रमाबाईंना दिवस काढायचा असे तो वाड्यातल्या वडीलधाऱ्या बायकांमध्ये. त्या बायकांच्या दृष्टीने बाईच्या जातीने वाचणे आणि सभांना जाणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे होते, आणि ते त्या तोंडावर बोलून दाखवत. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सगळे कोणावर राग न धरता लिहून ठेवले आहे. मिस हर्फर्ड नावाच्या बाई या दोन्ही रमाबाईंना इंग्रजी शिकवत. पुढे १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आपले हुजूरपागा. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा तिथे होती, म्हणून हे नाव.

आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा, म्हणजे मार्च १८८६ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. दोघींचे दूरचे नातेही होते. याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई. चोविसाव्या वर्षी ती शाळेत गेली, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न होऊन ती आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, झाली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरली आणि पुढे त्याच कामासाठी अमेरिकेपर्यंत गेली. बायांचा मुलगा दिनकर याची पत्नी म्हणजे इरावती कर्वे, आणि इरावतीबाई लहानपणी ब्रह्मदेशातून शिकायला आल्या त्या हुजूरपागेतच! वंशवृक्षासारखा हा आराखडा मुलांकडून मोठ्या कागदावर काढून घ्यावा असा विचार आहे.

यात कोणाला काय जोडावेसे वाटते आणि मुलांना काय सांगू नये असे वाटते, ते कृपया लिहावे.

जुनापुराणा :

विषय उत्तम आहे. माझी एक सूचना ‘पहिली’ या शिक्क्याबद्दल आहे. मुलांच्या पुस्तकांत सावित्रीबाईंची शाळा ही भारतातली पहिली मुलींची शाळा असे बिनदिक्कत छापले जाते. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा मुंबईत १८२४ मध्येच निघाली होती आणि बंगालमध्ये बारासात येथे स्थानिक लोकांनी १८४७ मध्ये मुलींची शाळा काढली होती. हे कोणी तरी चलाख मूल आंतरजालावरून शोधून काढते आणि मग सगळीच गोष्ट त्याला खोटी वाटू लागते. आनंदीबाईंना पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणतात, त्या बाबतीतही तेच आहे. १८८६ याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांना वैद्यकाची पात्रता मिळाली आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे व्यवसाय केला.

यामुळे सावित्रीबाईंचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. स्वतः शिकून शिक्षिका झालेली तरुण मुलगी, धर्मप्रसाराचा हेतू नसलेली शाळा, आणि ज्या जातींना पाटीला हात लावायची मुभा नव्हती त्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा, हे सगळे पुण्यात, पेशवाई बुडून तीस वर्षे झाली असताना, याला तोड नाही. १८५१ आणि १८५२ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या, हेही सांगावे. एक शाळा काढणे हा उत्साह म्हणता येईल, पण ती चालवून आणखी काढणे हे व्यवस्थापन आहे.

तिसरी घंटा :

मुठाकाठताई, आपल्या यादीत मुक्ता साळवे नाही याचे आश्चर्य वाटले. मुलांसाठी मालिका करायची आणि तीत खुद्द मूल असलेली एकमेव लेखिका वगळायची, हे बरे नाही. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत छापून आला. वेद हे फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती त्यात देवाला विचारते. मी शिक्षिका आहे. सहावीच्या वर्गात हा निबंध वाचला तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘बाई, तिला कोणी ओरडले नाही का?’ हाच.

अडचण एका उताऱ्याची आहे. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असे ती लिहिते. वर्गात हे वाचावे की वगळावे, यावर आमच्या शिक्षकांमध्ये बरीच चर्चा झाली होती. मी वाचले. माझे मत असे की चौदा वर्षांच्या मुलीला जे लिहिता आले, ते बारा वर्षांच्या मुलाला ऐकता येते. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर मी ते वाचणार नाही. आज गुलटेकडी म्हटल्यावर मुलांना मार्केट यार्ड आठवते. तिथून भाजीचा ट्रक येतो एवढेच त्यांना ठाऊक असते, त्यामुळे नकाशावर ती जागा दाखवल्यावर वर्गात चुळबुळ थांबली होती.

मुठाकाठ :

तिसरी घंटा, आपले म्हणणे मान्य आहे आणि मुक्ताला आता स्वतंत्र दिवस देत आहे. तो उतारा मोठ्या गटासाठी ठेवते. जुनापुराणा, ‘पहिली’ ऐवजी तिने नेमके काय केले हे लिहायचे ठरवले आहे. शीर्षकांतूनही तो शब्द काढून टाकते.

सातासमुद्रापार :

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणून आनंदीबाईंबद्दल थोडे लिहितो. मुलांना या गोष्टीत सर्वांत जास्त मजा वाटते ती दाताच्या दवाखान्याची. गोपाळराव जोशांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले, आणि रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत असताना वाचले. त्यांनी होऊन पत्र लिहिले आणि पत्रापत्रीतून त्या आनंदीबाईंच्या ‘मावशी’ झाल्या. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा नवरा बरोबर नव्हता. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातले १८८५ चे त्यांचे एक छायाचित्र उपलब्ध आहे, ते अवश्य दाखवावे. त्यात भारताची आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सिरियाची सबात इस्लांबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. मुले त्या छायाचित्रातले तपशील मोजत बसतात.

एक विनंती अशी की त्यांचा शेवट गाळू नये. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले, आणि म्हणून डॉक्टर व्हावेसे वाटले. पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही ठरली, पण क्षयाने त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच वारल्या, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी. त्यांनी एकही रुग्ण स्वतंत्रपणे तपासला नाही हे ऐकून मुले हिरमुसतात, आणि हिरमुसू द्यावीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आहेत. जुनापुराणा यांच्या मुद्द्याला धरून सांगतो, तिथल्या दगडावरही शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असाच उल्लेख आहे. जात तिथेही सुटलेली नाही.

कसब्यातला :

आपण सर्व जण पेठांच्या आतच फिरत आहात. नदीपलीकडे, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, कॉर्नेलिया सोराबजी शिकत होती ती कोणाला आठवली नाही. जन्म नाशिकचा, १८६६ चा, पण वाढली पुण्यात. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले होते. डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत ही एकटी मुलगी होती, आणि ती येताना दिसली की वर्गाचे दार तिच्या तोंडावर लावून घेण्याचे प्रकार मुले करत. परीक्षेत ती इलाख्यात वर आली. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या गुणांना मिळायला हवी होती, पण ती पुरुषांसाठी आहे असे सांगून नाकारण्यात आली. मग इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. तिने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली आणि वकिली करण्याचा हक्क मात्र तीस वर्षांनंतर मिळाला. मधल्या काळात ती पडद्यात राहणाऱ्या इस्टेटदार बायकांची कायदेशीर कामे पाहत होती.

ताईंना जोडकाम आवडते म्हणून सांगतो : ज्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलियासाठी दार बंद होत होते, तिथेच १९३९ पासून इरावतीबाई समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवत होत्या.

तिसरी घंटा :

कॉर्नेलिया राष्ट्रीय चळवळीच्या आणि गांधीजींच्या विरोधात होत्या. ते सांगणार का?

कसब्यातला :

का नाही? मते पटण्याजोगी असतील तेवढ्याच बायका मुलांना दाखवायच्या असतील, तर यादीत कोणी उरणार नाही. पंडिता रमाबाईंचेच घ्या. त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्यानंतर त्या खचल्या नाहीत. केडगावला जमीन घेतली, दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून निराधार मुली आणल्या आणि त्यांना छापखान्यापासून शेतीपर्यंत कामे शिकवली. कोणाची बाजू बरोबर होती ते मुलांना सांगू नये. दोन्ही बाजू त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि वाद घालू द्यावा. मुलांना वाद घालायला शिकवावे लागत नाही.

मुठाकाठ :

हे पटले. माझ्या पहिल्या आराखड्यात पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराला एकच वाक्य दिले होते, ते आता वाढवते. याच ओघात एक प्रश्न जाणत्यांना विचारायचा आहे. फुले दांपत्याने १८६३ मध्ये स्वतःच्या घरी सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि तिथे जन्मलेला यशवंत, हे लहानांना कसे सांगावे? वगळले तर शेवटची गोष्ट सांगताच येत नाही, कारण हाच दत्तक मुलगा डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळच्या माळावर त्याने काढलेल्या दवाखान्यात मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

तिसरी घंटा :

मी असे सांगते : पूर्वी लहान वयात नवरा वारला की बाईला पुन्हा लग्न करू देत नसत. अशा बाईला बाळ होणार असेल तर घरचे लोक तिला हाकलून देत, आणि भीतीपोटी काही जणी बाळाला किंवा स्वतःला मारून टाकत. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी सांगितले की आमच्या घरी या, बाळंत व्हा, वाटल्यास बाळ इथे ठेवून जा, तुमचे नाव कोणी विचारणार नाही. काशीबाई नावाची बाई अशीच आली आणि तिचे बाळ या दोघांनी आपले म्हणून वाढवले. आठ वर्षांच्या मुलांना एवढे पुरते. अधिक हवे असेल ते घरी विचारतात, आणि मग पालकांचे फोन येतात, त्याची तयारी ठेवावी.

जुनापुराणा :

इरावतीबाईंची स्कूटर राहू द्यावी, मुलांना ती आवडतेच. मात्र तिच्या शेजारी बर्लिनचे काम ठेवावे. तिथे पीएच.डी.साठी त्यांना माणसांच्या कवट्या मोजायला दिल्या होत्या, आणि त्यांच्या गुरूंची अपेक्षा अशी होती की गोऱ्यांची कवटी वेगळी आणि श्रेष्ठ निघेल. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा फरक दिसत नाही असे गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिले. पंचविशीच्या आतली, परक्या देशातली मुलगी होती ती. माप खोटे लिहायचे नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला विज्ञानाच्या तासापेक्षा या गोष्टीतून लवकर कळेल.

कसब्यातला :

गोष्टी सांगून झाल्यावर मुलांना पायी न्यावे. भिडेवाड्यापासून निघावे, जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडली, तिथे आता स्मारक व्हायचे आहे, तेव्हा समोर दगडूशेठच्या दारात उभे राहूनच सांगावे लागेल. तिथून विश्रामबागवाडा, जिथे १८५२ मध्ये फुल्यांचा सरकारने सत्कार केला, मग लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागा आणि १९०९ चे सेवासदन. याच रमाबाई रानड्यांनी १९२० च्या सुमारास नगरपालिकेने सक्तीचे शिक्षण फक्त मुलांना न देता मुलींनाही द्यावे म्हणून बायकांची चळवळ उभारली होती, ते तिथेच सांगता येईल. गंज पेठेतला फुलेवाडा वेगळ्या दिवसासाठी ठेवावा, कारण अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद बघायला मुलांना वेळ लागतो आणि तेव्हाच त्यांना भूकही लागते. रविवारी सकाळी आठच्या आत निघावे, नाहीतर लक्ष्मी रस्त्यावर मुले सांभाळण्यातच वेळ जाईल.

मुठाकाठ :

रविवारची सूचना घेते. मुक्ता, कॉर्नेलिया आणि कवट्या धरून आराखडा पुन्हा लिहीत आहे. हुजूरपागेच्या किंवा सेवासदनाच्या कोणी माजी विद्यार्थिनी येथे असतील, तर त्यांच्या आजी-पणजीच्या वेळचे शाळेतील दैनंदिन तपशील, म्हणजे डबा, गणवेश, शिक्षा, गाणी, कृपया या धाग्यावर लिहावेत; आराखड्यात तेवढीच बाजू अजून रिकामी आहे.